कॅमेऱ्याची बॉडी कोणती घ्यायची? लग्नाच्या ऑर्डरी घेणाऱ्यांसाठी आणि हौशींसाठी सरळ हिशोब

तुळशीचं लग्न लागलं की अहमदपुरातल्या मंगल कार्यालयांच्या तारखा भरायला लागतात. त्याच सुमारास अनेक घरांत एक बोलणी सुरू होते. मुलगा, पुतण्या नाहीतर भाचा सांगतो, "फोटोग्राफीत उतरतोय, कॅमेरा घ्यायचाय." सोयाबीनचे पैसे हातात असतात, उरलेल्याचे हप्ते करू असं ठरतं आणि प्रश्न येतो, बॉडी कोणती घ्यायची?

यूट्यूबवर विचारलं तर दहा जण दहा मॉडेलं सांगतात. त्यातले बहुतेक पुण्या-मुंबईत किंवा परदेशात बसून बोलत असतात. कॅमेरा बिघडला तर त्यांना अर्ध्या तासावर सर्व्हिस सेंटर असतं, एखादी लेन्स कमी पडली तर संध्याकाळपर्यंत भाड्याने मिळते. अहमदपूर लातूर आणि नांदेडच्या साधारण मध्यावर आहे. इथे हळदीच्या दिवशी शटर अडकलं तर दुसऱ्या दिवशीच्या लग्नाला काय न्यायचं, हा प्रश्न आधी सोडवावा लागतो. मेगापिक्सल वगैरे त्यानंतर.

म्हणून या लेखात 'सगळ्यात भारी कॅमेरा' सांगणार नाही. बॉडीत कशाचे पैसे द्यायचे, कशाचे नाही आणि का, एवढंच बघू.

बॉडी काय करते आणि काय करत नाही

बॉडी म्हणजे लेन्सशिवायचा कॅमेरा. त्यात सेन्सर, प्रोसेसर, फोकस शोधणारी यंत्रणा, शटर, व्ह्यूफाइंडर, कार्डाचे खण, बॅटरी आणि लेन्स अडकवायची कडी, म्हणजे माउंट, एवढं येतं. मागची धूसर पार्श्वभूमी, चेहऱ्याची ठेवण, अंधारात किती उजेड आत येतो हे सगळं लेन्सवर जास्त अवलंबून असतं.

सव्वा लाखाची बॉडी घेऊन तिला सोबत आलेली किट लेन्स लावणारे खूप दिसतात. ती लेन्स झूम केल्यावर एफ 5.6 किंवा 6.3 वर येते. याउलट साधी 50 मिमी एफ 1.8 ची लेन्स घ्या. एफ 5.6 पेक्षा एफ 1.8 ला जवळजवळ दहापट उजेड आत येतो. मांडवातल्या संध्याकाळच्या फोटोला एवढा फरक कुठलीही नवी बॉडी देत नाही. त्यामुळे हातातल्या पैशातला निम्मा किंवा त्याहून थोडा कमी भाग बॉडीला आणि बाकीचा लेन्स, फ्लॅश, जादा बॅटरी, कार्डं यांना, असा हिशोब धरा. दुकानदाराला हा हिशोब आवडत नाही, पण तो बरोबर आहे.

सेन्सरचा आकार: इथे पैसे मोजले तर दिसतात

मोबाइलचे फोटो दिवसा इतके चांगले येतात की कॅमेरा घ्यायचाच कशाला, असा प्रश्न पडतो. फरक दिवे लागल्यावर कळतो. महागड्या फोनमधल्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण 70 चौरस मिलिमीटरच्या आसपास असतो. मायक्रो फोर थर्ड्स सेन्सर 17.3 बाय 13 मिमी, म्हणजे 225 चौरस मिमी. एपीएस-सी सेन्सर निकॉन-सोनीत सुमारे 23.5 बाय 15.6 मिमी आणि कॅननमध्ये थोडा लहान, 22.3 बाय 14.9 मिमी. फुल फ्रेम 36 बाय 24 मिमी, म्हणजे 864 चौरस मिमी.

पाऊस पडताना अंगणात वाटी ठेवली आणि परात ठेवली, तर परातीत जास्त पाणी साठतं. उजेडाचंही तसंच. सेन्सर मोठा असला की तेवढ्याच वेळात जास्त उजेड गोळा होतो आणि आयएसओ वाढवल्यावर येणारे ठिपके कमी दिसतात. फुल फ्रेमचा पृष्ठभाग एपीएस-सीच्या जवळपास अडीचपट आहे. सोप्या भाषेत, एपीएस-सीवर आयएसओ 3200 ला जेवढे ठिपके दिसतात तेवढे फुल फ्रेमवर साधारण 6400 च्या पुढे गेल्यावर दिसतात. वरात, संगीत, रात्रीचं रिसेप्शन ही कामं करायची असतील तर हा फायदा पैशात मोजण्यासारखा आहे. दुपारी साडेबाराच्या मुहूर्ताची लग्नं आणि शाळांची स्नेहसंमेलनंच करायची असतील तर एपीएस-सी बॉडी आणि चांगली लेन्स पुरते.

एपीएस-सीवर दृश्य कापलं जातं, हेही लक्षात ठेवा. 50 मिमीची लेन्स तिथे साधारण 75 ते 80 मिमीसारखी दिसते. एकट्या नवरीच्या फोटोला छान, पण स्टेजवर दोन्हीकडचे वीस नातेवाईक उभे राहिले की तुम्हाला मागे सरकत सरकत पंगतीत जावं लागतं.

थोडं विषयांतर करतो. आपला हा भाग 17 सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता आणि त्या संस्थानाला फोटोग्राफीचा मोठा वारसा आहे. सहाव्या निजामाचे दरबारी छायाचित्रकार राजा दीनदयाळ (1844 ते 1905) काचेच्या मोठ्या प्लेटा वापरून काम करत. त्यांचे फोटो आजही इतके बारकाईने भरलेले दिसतात, त्यात त्या प्लेटांच्या आकाराचा मोठा वाटा आहे. मोठा पृष्ठभाग आणि चांगली लेन्स ही जोडी तेव्हाही कामाची होती.

मेगापिक्सल: इथे पैसे वाया जातात

24 मेगापिक्सलचा फोटो म्हणजे 6000 बाय 4000 ठिपके. आपल्याकडे लग्नाचा करिझ्मा अल्बम बहुतेक वेळा 12 बाय 36 इंचाचा असतो. एकच फोटो पूर्ण पानभर, म्हणजे 36 इंच रुंद छापला तरी इंचाला 166 ठिपके मिळतात. हातभर अंतरावरून अल्बम बघणाऱ्या मावशीला त्यात कमतरता दिसत नाही. त्या पानावर सहसा चार-पाच फोटो असतात, त्यामुळे प्रत्यक्षात याहून खूप जास्त बारकावा मिळतो. इन्स्टाग्राम तर फोटो 1080 ठिपक्यांच्या रुंदीच्या आसपास आणूनच दाखवतं. व्हॉट्सअ‍ॅपवर काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे.

45 मेगापिक्सलचे कॅमेरे वाईट नाहीत. जंगलातले पक्षी टिपून नंतर फोटो कापणारे, जाहिरातीचं काम करणारे यांना ते लागतात. लग्नवाल्याला मात्र त्याचा त्रास होतो. 24 मेगापिक्सलची कॉम्प्रेस केलेली रॉ फाइल साधारण 25 ते 30 एमबीची होते. एका लग्नात 2500 फोटो काढले तर 60 ते 75 जीबी. 45 मेगापिक्सलला हाच आकडा सहज सव्वाशे जीबीच्या घरात जातो. मग मोठी कार्डं, मोठी हार्ड डिस्क, ताकदीचा कॉम्प्युटर. बॉडीच्या किमतीत हे खर्च दिसत नाहीत, सीझन सुरू झाल्यावर दिसतात.

अंतरपाट खाली येतो तेव्हा

शेवटची मंगलाष्टका संपते, 'सावधान' होतं, अक्षता उडतात आणि अंतरपाट बाजूला होतो. त्या दोन-तीन सेकंदांत नवरा-नवरी पहिल्यांदा एकमेकांकडे बघतात. हा फोटो पुन्हा घेता येत नाही. बॉडीची खरी परीक्षा इथे असते आणि ती फोकसची असते.

जुन्या आणि स्वस्त डीएसएलआरमध्ये फोकसचे बिंदू मोजके आणि मधोमध गोळा झालेले असतात. कॅनन 1500डी मध्ये ते फक्त 9 आहेत. चेहरा फ्रेमच्या कडेला असेल तर मधल्या बिंदूने फोकस लावा, मग कॅमेरा वळवा, मग बटण दाबा. तोवर अक्षता डोक्यावरून खाली आलेल्या असतात. नव्या मिररलेस बॉडी सेन्सरवरूनच फोकस करतात, जवळपास सगळ्या फ्रेममध्ये डोळा शोधतात आणि माणूस हलला तरी तो धरून ठेवतात. माझ्या मते डीएसएलआरवरून मिररलेसवर जाण्याचं सगळ्यात मोठं कारण हेच आहे. मुंडावळ्या किंवा घुंगट मध्ये आला की ही यंत्रणाही कधी कधी चुकते. बॉडी घेण्याआधी घरातल्या कुणाला तरी मुंडावळ्या बांधून बघा. हसतील, हसू द्या.

दुसरी गोष्ट दिव्यांची. आपली वीज 50 हर्ट्झची आहे, त्यामुळे साधे दिवे सेकंदाला 100 वेळा कमी-जास्त होतात. शटर वेगवान असेल तर एका फोटोत उजेड, पुढच्यात अंधार, किंवा एकाच फोटोत आडवे पट्टे येतात. उपाय सोपा आहे, शटर 1/50 किंवा 1/100 ठेवा. पण स्टेजमागच्या एलईडी भिंतीची लुकलुक वेगळ्याच गतीची असते, तिथे हा उपाय पुरत नाही. म्हणून बॉडीत अँटी-फ्लिकर सोय आहे का, ते बघा. आणि आवाज न करणारं इलेक्ट्रॉनिक शटर अशा दिव्यांखाली शक्यतो वापरू नका, कारण ते सेन्सर ओळीओळीने वाचतं आणि पट्टे आणखी ठळक होतात. बहुतेक बॉडींमध्ये त्या शटरवर फ्लॅशही उडत नाही.

फ्लॅशवरून आठवलं. कॅनन 200डी मार्क 2 सारख्या काही स्वस्त बॉडींच्या हॉट शूमध्ये मधला संपर्कबिंदूच नाही. एकाच पिनवर चालणारे साधे ट्रिगर त्यावर चालत नाहीत. तुमच्याकडे आधीचे दिवे आणि ट्रिगर असतील तर ते दुकानात घेऊन जा आणि लावून बघूनच पैसे द्या.

दोन कार्डांचे खण: इथे तडजोड नको

पैसे घेऊन लग्न करणार असाल तर हा मुद्दा माझ्यासाठी बाकी सगळ्यांच्या वर आहे.

मेमरी कार्ड सांगून खराब होत नाही. संध्याकाळपर्यंत फोटो दिसत असतात, रात्री कॉम्प्युटरला लावलं की 'कार्ड फॉरमॅट करा' असा संदेश येतो. रिकव्हरी सॉफ्टवेअर कधी सगळं परत देतं, कधी अर्धं, कधी काहीच नाही. मुलीच्या बापाने वर्षभराची कमाई त्या एका दिवसावर लावलेली असते. त्याला तुम्ही काय सांगणार? पैसे परत करता येतात, पण लग्न परत लागत नाही. त्यात अहमदपूरसारख्या गावात बातमी पसरायला एक पंगत पुरते.

दोन खण असले की एकच फोटो एकाच वेळी दोन्ही कार्डांवर लिहिता येतो. मेनूमध्ये 'बॅकअप' किंवा त्या अर्थाचा पर्याय निवडावा लागतो. तो न निवडता दुसरं कार्ड फक्त 'पहिलं भरल्यावर' वापरणारेही आहेत, त्यांना दुसऱ्या खणाचा काही उपयोग नाही.

आता कोणत्या बॉडीत काय आहे ते बघा, कारण किंमत बघून याचा अंदाज येत नाही. सोनी ए-सेव्हन-थ्री (2018) आणि ए-सेव्हन-फोर (2021), निकॉन झेड5 (2020) आणि झेड5 मार्क 2 (2025), निकॉन झेड6 मार्क 3 (2024), कॅनन आर6 मार्क 2 (2022), फुजीफिल्म एक्स-टी5 (2022) या सगळ्यांत दोन खण आहेत. कॅनन आर8, आरपी, आर10, आर50, निकॉन झेड50, सोनी ए6400 आणि ए-सेव्हन-सी मध्ये एकच. जुन्या डीएसएलआरमध्ये निकॉन डी7200 ला दोन होते, त्यानंतर आलेल्या डी7500 ला एकच ठेवला. नवं मॉडेल म्हणजे सगळ्या बाबतीत पुढचं असा समज असेल तर हे उदाहरण लक्षात ठेवा. निकॉनच्या पहिल्या झेड6 मध्येही एकच खण होता.

कॅनन आर8 चा सेन्सर फुल फ्रेम आहे, फोकस उत्तम आहे, बॉडी हलकी आहे. हौशी माणसाला मी ती आनंदाने घ्या म्हणेन. लग्नासाठी नको.

ऊन, धूळ, भंडारा

बहुतेक कंपन्यांच्या पुस्तिकेत कॅमेरा वापरायचं तापमान 0 ते 40 अंश लिहिलेलं असतं. मे महिन्यात मराठवाड्यात पारा 40 च्या पुढे जातो आणि पत्र्याच्या मांडवाखाली काय होतं ते वेगळं सांगायला नको. फोटो काढताना सहसा अडचण येत नाही. सलग फोर-के व्हिडिओ चालू असेल तर कॅमेरा तापून स्वतःहून बंद होऊ शकतो. 2020 मध्ये आलेल्या कॅनन आर5 वर यासाठी जगभर टीका झाली होती. बॉडी घेताना 'किती वेळ सलग रेकॉर्ड होतं' हे विचाराल तेव्हा 'आणि एसीशिवाय?' हेही विचारा.

आधी डीएसएलआर वापरणाऱ्यांना मिररलेसची बॅटरी खटकते. कंपन्यांच्या ठरावीक चाचणीनुसार निकॉन डी850 एका चार्जवर 1840 फोटो देतो, सोनी ए-सेव्हन-थ्री व्ह्यूफाइंडर वापरून 610. सलग फोटो काढले तर प्रत्यक्षात दोन्ही जास्त देतात, पण प्रमाण तसंच राहतं. वाडीवस्तीवरच्या लग्नात चार्जिंगला वीज मिळेलच असं नाही. मिररलेस घेणार असाल तर किमान तीन बॅटऱ्या धरा.

आणि धूळ. लेन्स काढली की मिररलेसचा सेन्सर उघडा पडतो. काही बॉडी बंद केल्यावर त्यावर शटर ओढून घेतात, सगळ्या नाही. हळदीत किंवा माळेगावच्या खंडोबाच्या यात्रेत भंडारा उधळत असताना लेन्स बदलणं म्हणजे सेन्सरलाच हळद लावणं. तिथे एक बॉडी, एक झूम लेन्स आणि वरून प्लास्टिकची पिशवी, एवढंच चालतं. वेदर सीलिंग असलेल्या बॉडीला इथे खरा अर्थ आहे, फक्त लेन्सलाही सीलिंग हवं. एकालाच असून उपयोग नाही.

कीर्तन दोन तासांचं असतं

सप्ताहातल्या कीर्तनाचं रेकॉर्डिंग ही आपल्याकडची हमखास मागणी आहे. अनेक जुन्या बॉडी 29 मिनिटं 59 सेकंदांनी थांबतात. हा यंत्राचा दोष नव्हता. युरोपात त्याहून जास्त रेकॉर्ड करणाऱ्या यंत्राला व्हिडिओ कॅमेरा धरून जादा आयातशुल्क लागत होतं, म्हणून कंपन्यांनी ही मर्यादा घातली आणि ती जगभर तशीच विकली. महाराज चांगल्या दृष्टांतावर आलेले असतात आणि कॅमेरा थांबलेला असतो. ए-सेव्हन-फोर आणि आर6 मार्क 2 मध्ये ही मर्यादा नाही, ए-सेव्हन-थ्रीमध्ये आहे.

'फोर-के' एवढंच वाचून भुलू नका. कॅनन 200डी मार्क 2 मध्ये फोर-के आहे, पण दृश्य आणखी कापलं जातं आणि त्या मोडमध्ये कॅननचा वेगवान ड्युअल पिक्सल फोकस चालत नाही. निकॉन झेड5 सुद्धा फोर-केमध्ये फ्रेम बरीच कापतो. रील्ससाठी फुल एचडी चांगलं असेल तर पुष्कळ झालं.

बॉडीतलं स्टॅबिलायझेशन, म्हणजे सेन्सर हलवून हाताची थरथर सावरणं, व्हिडिओत आणि मंद शटरवर उपयोगी पडतं. पण ते तुमचा हात सावरतं, नाचणाऱ्या करवल्या नाही. वरातीतला नाच गोठवायला वेगवान शटर किंवा फ्लॅशच लागतो.

डीएसएलआर घ्यावा का अजूनही?

कॅनन आणि निकॉन दोघांनी त्यांचे मोठे डीएसएलआर, 1डीएक्स मार्क 3 आणि डी6, 2020 मध्ये काढले. त्यानंतर त्यांची सगळी ताकद मिररलेसवर आहे. दोघांचे नवे माउंट, कॅननचा आरएफ आणि निकॉनचा झेड, 2018 मध्ये आले. नव्या लेन्स तिथेच येतात. म्हणून आज नव्या किमतीत डीएसएलआर बॉडी घेणं मला पटत नाही. जुन्या बाजारात मात्र त्या अर्ध्या किमतीच्याही खाली मिळतात आणि दिवसाच्या कामाला अजूनही दणकट आहेत.

घरात जुन्या लेन्स असतील तर हिशोब बदलतो. कॅननच्या ईएफ लेन्स अडॅप्टर लावून आरएफ बॉडीवर चांगल्या चालतात. निकॉनच्या एफटीझेड अडॅप्टरवर एएफ-एस लेन्स चालतात, पण 50 मिमी एफ 1.8 डी सारख्या जुन्या 'डी' लेन्सला ऑटोफोकस मिळत नाही, कारण त्या लेन्समध्ये मोटरच नसते आणि अडॅप्टरमध्येही नाही. हे माहीत नसल्यामुळे अनेकांनी बॉडी घेतल्यावर लेन्स पुन्हा विकत घेतल्या आहेत.

नव्याने सुरुवात करणाऱ्याने माउंट निवडताना स्वस्त लेन्स किती मिळतात ते बघावं. सोनीच्या ई माउंटसाठी टॅमरॉन आणि सिग्मा अनेक वर्षं लेन्स बनवत आहेत, त्यामुळे 28-75 एफ 2.8 सारखी लग्नाची रोजची लेन्स जुनी-नवी दोन्ही मिळते. निकॉन झेडमध्येही आता पर्याय वाढलेत. कॅननने आरएफ माउंटवर बाहेरच्या कंपन्यांना 2024 मध्ये वाट दिली, तीही एपीएस-सी लेन्सपुरती.

आणि एक गावठी नियम: तुमच्या तालुक्यातले बाकीचे फोटोग्राफर ज्या माउंटवर आहेत तो घ्या. ऐन लग्नात लेन्स बंद पडली तर शेजारच्या दादाची लावता येते.

जुनी बॉडी घेताना

पहिल्या वर्षी दोन खणांची जुनी फुल फ्रेम बॉडी घेणं हा मला सगळ्यात शहाणपणाचा रस्ता वाटतो. ए-सेव्हन-थ्री, झेड5, अगदी बजेट ताणलेलं असेल तर निकॉन डी750. (डी750 च्या काही तुकड्यांतल्या शटरबद्दल निकॉनने स्वतः सूचना काढून ते मोफत बदलून दिलं होतं. नंबर तपासून घ्या.)

शटर काउंट विचारा, पण त्यावर आंधळा विश्वास नको. डी850, ए-सेव्हन-थ्री यांसारख्या बॉडींचं शटर 2 लाख वेळा तपासलेलं असतं. निकॉनच्या फोटो फाइलमध्ये हा आकडा लिहिलेला असतो, तुम्ही तिथेच एक फोटो काढून तपासू शकता. कॅननमध्ये तो इतक्या सहज सापडत नाही. शिवाय इलेक्ट्रॉनिक शटरने काढलेले फोटो आणि व्हिडिओचे तास या आकड्यात बहुतेक वेळा येत नाहीत.

मग हे करा. लेन्स एफ 16 वर ठेवून पांढऱ्या भिंतीचा किंवा मोकळ्या आभाळाचा फोटो घ्या, सेन्सरवरचे डाग दिसतील. लेन्सवर टोपण लावून 10 सेकंदांचा फोटो घ्या, मेलेले किंवा जळते पिक्सल रंगीत ठिपके होऊन चमकतील. स्वतःची दोन कार्डं न्या आणि दोन्ही खणांत एकदम लिहून बघा. 20 मिनिटं व्हिडिओ चालू ठेवा. माउंटची कडी हलते का, स्क्रूवर पेचकसाचे ओरखडे आहेत का ते बघा. विकणाऱ्याला घाई असेल तर तो त्याचा प्रश्न आहे. मूळ बिल आणि त्यावरचा सिरियल नंबर बॉडीच्या नंबराशी जुळला पाहिजे. नाहीतर चोरीचा माल निघाला तर पोलीस तुमच्याकडे येतील.

हप्त्याचं गणित

समजा बॉडी 1 लाख 44 हजारांची आहे आणि 18 हप्ते आहेत. महिन्याला 8 हजार. आता कॅलेंडर काढा. आषाढी एकादशी ते कार्तिकी एकादशी, जवळपास चार महिने लग्नं जवळजवळ थांबतात. त्यात अधिक महिना आला तर सीझन मधूनच तुटतो. 2026 साली 17 मे ते 15 जून अधिक ज्येष्ठ आहे, म्हणजे ऐन उन्हाळ्यातला कमाईचा महिना. काढीव मुहूर्तावर काही लग्नं लागतात, पण गर्दी नसते. बँकेला मात्र चातुर्मास नसतो. एकट्या चातुर्मासात 32 हजार खिशातून जातात. तेवढे बाजूला काढून ठेवता येत असतील तरच हप्त्यावर घ्या.

'बिनव्याजी हप्ता' बहुतेक वेळा पूर्ण बिनव्याजी नसतो. रोखीने घेतल्यावर मिळणारी सूट जाते, प्रोसेसिंग फी लागते. दोन्ही किमती लिहून घ्या आणि वजाबाकी करा.

भाड्याचा विचार करा. समजा बॉडी-लेन्सचं भाडं दिवसाला 1500 आहे आणि पहिल्या वर्षी तुम्हाला 12 लग्नं मिळाली. 18 हजारांत वर्ष निघालं, आणि कोणता कॅमेरा हाताला बसतो तेही कळलं. ऑर्डरी 30-40 झाल्या की मग विकत घेणं परवडतं. आपल्याकडे भाड्याचा कॅमेरा म्हणजे कमीपणा समजतात. नवरदेवाची घोडी भाड्याची चालते, मग कॅमेऱ्यानेच काय केलंय?

फक्त हौस असेल तर

मग वरचं निम्मं विसरा. शेतातली लाल कंधारी जोडी, उदगीर-औसा-कंधारचे किल्ले, यात्रेतले घोडे, घरातली लेकरं, यासाठी एक खण पुरतो आणि एपीएस-सी सेन्सर भरपूर आहे. कॅनन आर50, निकॉन झेड50, सोनी ए6400 या लहान बॉडी आहेत, फोकस चांगला आहे, पिशवीत मावतात. यूट्यूबसाठी मुख्यतः व्हिडिओच करायचा असेल तर सोनी झेडव्ही-ई10 आहे, पण त्याला व्ह्यूफाइंडर नाही. भर दुपारच्या उन्हात मागच्या पडद्यावर काहीच दिसत नाही तेव्हा त्याची आठवण येते.

दोन-अडीच वर्षांत घेतलेला चांगला फोन असेल तर आधी एक वर्ष त्यावरच फोटो काढा. वर्षाअखेर कशाची अडचण झाली ते बघा. दूरचं येत नाही म्हणून अडलं असेल तर बॉडीपेक्षा लांब पल्ल्याची लेन्स महत्त्वाची. अंधारात अडलं असेल तर सेन्सर आणि मोठ्या तोंडाची लेन्स. काहीच अडलं नसेल तर पैसे वाचले.

दुकानात, पैसे देण्याआधी

कॅमेऱ्यावर 18 टक्के जीएसटी आहे. 'बिलाशिवाय घेतलं तर स्वस्त' असं कुणी म्हणालं तर ते बाहेरून आणलेलं, भारतातली वॉरंटी नसलेलं यंत्र असू शकतं. खोक्यावर आयात करणाऱ्या कंपनीचं नाव, पत्ता आणि एमआरपी छापलेली हवी. सेवा देणाऱ्यांची वर्षाची उलाढाल 20 लाखांच्या आत असेल तर जीएसटी नोंदणी सक्तीची नाही, आणि नोंदणी नसेल तर हा कर परत मिळत नाही, तो तुमच्या खर्चातच धरा.

कंपनीच्या वेबसाइटवर जवळचं अधिकृत सर्व्हिस सेंटर कुठे आहे ते दुकानात उभं असतानाच मोबाइलवर शोधा. पुणे किंवा हैदराबाद निघालं तर एका दुरुस्तीला जाण्या-येण्याचे दिवस किती आणि तोवर दुसरी बॉडी कुणाची, हे ठरवून ठेवा. बिलावर सिरियल नंबर लिहून घ्या, खोकं उघडतानाचा व्हिडिओ काढा, वॉरंटीची ऑनलाइन नोंदणी त्याच दिवशी करा. आणि पट्ट्यावर मोठ्या अक्षरांत छापलेलं कंपनीचं नाव झाकणारा साधा पट्टा घ्या. बस स्टँडवर रात्री उतरताना गळ्यातल्या वस्तूची किंमत सगळ्यांना वाचता येऊ नये.